तेलाची धार, जवसाचे दाणे

आमच्याकडे ताटात तेल वाढताना वाढणाऱ्याने आपणहून थांबायचं नसतं. जेवणारा चटणीत बोटाने आळं करतो, वाढणारा किटलीतून कच्च्या तेलाची धार सोडतो, आणि जेवणाऱ्याचा हात ताटावर आडवा येईपर्यंत ती चालू ठेवायची. आधीच थांबलं तर वाढणारा चिक्कू ठरतो. मी केदारखेड्यात लहानाची मोठी झाले. वडील घरची करडई घाण्यावर गाळून आणायचे आणि डबा घरात उतरला की त्या दिवशी बाकी काही नाही, फक्त भाकरी, कारळाची चटणी आणि तेल. माझा धाकटा भाऊ हात आडवा घालायचाच नाही. आळं भरून तेल भाकरीखाली पसरलं तरी हा आपला माझ्याकडे बघून हसतोय. शेवटी मीच ओरडायचे, "अरे, पोहायचंय का तुला त्यात?"

लग्न होऊन मी बदनापूरला आले, तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. हे गेल्यापासून घरात एकटीच असते. भाऊ गावाकडे शेती बघतो. पण दर भाऊबीजेला तो माझ्याकडे जेवायला येतो आणि किटली माझ्याच हातात असते. करडई गेली, सोयाबीन तेलाच्या पिशव्या आल्या, धार तेवढी तशीच राहिली. मला तर तिचा अभिमान होता. बहिणीची माया मोजून वाढायची नसते, असं मी भावजयीला ऐकवायचेसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला.

संभाजीनगरला त्याचं ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला, पोटावर शौचाची पिशवी बसवली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं. मला वाटलं, त्याच्याबद्दल काही सांगतायत. ते म्हणाले, "तुम्ही सख्ख्या बहीण ना? तुम्हीही आतून तपासणी करून घ्या. दुर्बिणीची. सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो."

मला राग आला. मी घाबरले की मला आधी रागच येतो, हे माझ्या वर्गातल्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. माझा भाऊ आत पडलाय आणि हा माणूस माझ्या पोटाचं काय घेऊन बसलाय, असं वाटलं. "मला काही होत नाही," असं फटकन बोलून मी परत आत गेले.

बदनापूरला परत आले आणि स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या माझी नजर किटलीवर गेली. ओट्यावर, नेहमीच्या जागी. तोंडाशी एक थेंब सुकून पिवळा झालेला. त्या क्षणी जे डोक्यात आलं ते आजही लिहिताना हात जड होतो. हे मीच तर केलं नाही? पन्नास वर्षं त्याच्या पोटात मी ओतत आले, तेच तर नाही? आणि जे त्याच्या ताटात गेलं तेच माझ्याही ताटात गेलेलं.

माझी मुलगी जालन्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिला फोन केला आणि विचारलं, तेल खाल्ल्याने आतड्याचा कॅन्सर होतो का, हो की नाही ते सांग. ती म्हणाली, "आई, हो-नाहीचा प्रश्न नाहीये हा." मला अशी उत्तरं मुळीच चालत नाहीत. तरी तिने धीराने समजावलं. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी एकदम काम करत नाहीत. कोणतं चालू, कोणतं बंद, हे ठरत असतं, बदलत असतं. मला कळेल असं तिने सांगितलं: "तुझ्या वर्गात साठ मुलं असायची ना? पट तोच असतो. पण तू कोणाला उठवून बोलायला लावतेस आणि कोणाला गप्प बसवतेस, त्यावर वर्ग चालतो. खाल्लेल्या चरबीतले काही घटक आतड्याच्या पेशींपर्यंत पोचतात आणि त्या उठवण्या-बसवण्यात ढवळाढवळ करतात, असं दिसलंय. काही प्रकारच्या चरबीने पेशींची वाढ आवरणारं जनुक गप्प बसतं, नको ते बोलायला लागतं. काहींनी उलटं होतं. पण हे बरंचसं उंदरांत आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत बघितलेलं आहे. माणसात कितपत, ते अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. त्यात वय आहे, घराणं आहे, बाकीचं खाणंपिणं आहे. मामाला तू तेल वाढलंस म्हणून झालं, असं डोक्यात घेऊ नकोस."

मी ते डोक्यात घेतलंच. तीस वर्षं वर्ग सांभाळला मी. गप्प बसवायच्या पोराला बोलू दिलं आणि शहाण्याला दटावून बसवलं, तर दहा मिनिटांत वर्गाचा बाजार होतो, हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या पोटात तसा एखादा कोपरा असेल, कुणाचं लक्ष नसलेला, आणि तिथे एकेकजण उठून उभा राहत असेल. भाजी निवडताना, पोथी वाचताना, शेजारणीशी बोलताना मला तो कोपरा आठवायचा.

"मग चांगली चरबी कशात असते?" मी विचारलं होतं. ती म्हणाली, ओमेगा-थ्री म्हणतात ती. माशांत असते, अक्रोडात, जवसात. जवसातली आपल्या शरीरात पुरती माशासारखी होत नाही, असंही ती पुढे म्हणाली. मी जवसाच्या पुढचं काही ऐकलंच नाही. मासे आमच्यात खात नाहीत, अक्रोड नेहमीचं परवडत नाही, आणि जवस म्हणजे तर घरचीच वस्तू. लहानपणी चटणी खाऊन कंटाळलो होतो इतकी घरची.

दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन किलो जवस आणलं. थोडं भाजून चटणी केली, बाकीचं रोज वाटीभर भिजत घालायला सुरुवात केली. भिजलेलं जवस कसं होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. दाण्याभोवती बुळबुळीत गर सुटतो, चमचा उचलला की तार लोंबते. नाक दाबून गिळायचे. किटली मी माळ्यावर टाकली. आणि दुर्बिणीची तपासणी? ती पुढे ढकलत राहिले. आधी भावाचं केमो होऊ दे, मग पाऊस थांबू दे, मग शेजारच्या मुलीचं लग्न. खरं कारण एकच होतं. जोपर्यंत आत कोणी बघत नाही तोपर्यंत मी रोज वाटीभर जवस खाऊन त्या कोपऱ्यातल्यांना खाली बसवत होते. बघितल्यावर तो मार्ग बंद.

असं वर्ष गेलं. शेवटी मुलीने माझ्या नकळत जालन्याला तारीख घेतली आणि तपासणीच्या आधी पाळायच्या सूचनांचा कागद आणून माझ्या हातात दिला. तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, फळं, डाळी, बियांचे पदार्थ बंद. मऊ भात, ताक, साधं वरणाचं पाणी. आदल्या दिवशी नुसते पातळ पदार्थ आणि दुपारपासून पोट साफ होण्याचं औषध पाण्यात कालवून. कागदाच्या शेवटी जाड अक्षरात लिहिलेलं होतं की आतडं पूर्ण स्वच्छ नसेल तर तपासणीचा उपयोग होत नाही.

परीक्षेच्या आधी "सूचना नीट वाचा" असं मी जन्मभर सांगत आले. तो कागद मी तीनदा वाचला. पेरू बंद केला, टोमॅटो बंद केला, वांगं बंद केलं. जवस बंद केलं नाही.

न कळून नाही. जवस ही बी आहे हे शेतकऱ्याच्या पोरीला कळत नसेल? पण तीन दिवस त्याच्याविना राहायचं, हे मला धजवेना. वर्षभर रोज खाल्लं, एक दिवस चुकवला नाही. नेमके हेच तीन दिवस थांबले आणि तेवढ्यात तिथे काही उठलं तर? आता हसू येईल कुणाला. मी मनाची समजूत घातली, हे काही जेवण नाही, औषध आहे, आणि औषधं बंद करा असं कागदावर कुठे लिहिलंय? आदल्या सकाळीसुद्धा वाटीभर गिळलं आणि वाटी विसळून पालथी घातली. मुलगी यायच्या आत.

तपासणी झाली तेव्हा मला गुंगीचं इंजेक्शन होतं, काही कळलं नाही. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर पलंगाशी आले. चेहरा बरा नव्हता. "बाई, दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लंत?"

"भात आणि ताक."

"दुसरं काही?"

"काही नाही."

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. गुलाबी, ओली भिंत, तिला वळण, आणि त्या वळणावर तपकिरी, चकचकीत दाण्यांचा थर चिकटून बसलेला. एकेक दाणा टोकदार, ओळखीचा. माझ्या मेल्या डोळ्यांनी तो पाटावरवंट्यावर, सुपात, मुठीत हजार वेळा पाहिलेला. "हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "धुवून निघेना. शोषून घ्यायची नळी दोनदा तुंबली. या पुढचा भाग मला दिसलाच नाही."

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

मुलगी माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांसमोर माझी लाज तिने राखली. रिक्षात बसल्यावर मात्र तिचा आवाज फुटला. "आई, तू खोटं बोललीस. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला खोटं बोलताना बघितलं." मग रडायलाच लागली. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी तिच्यावर ओरडले, रस्त्यात तमाशा नको म्हणून. ओरडताना मला माझीच घृणा वाटली.

तीन आठवड्यांनी परत तारीख मिळाली. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. आधी सगळंच अंधारात होतं, ते सोसवत होतं. आता नेमकी जागा कळली होती. त्या वळणाच्या पलीकडे. सगळ्या घरात दिवे लावावेत आणि एकाच खोलीची कडी आतून लागलेली असावी, तसं. जेवले की वाटायचं घास तिथे पोचला असेल. डब्यातलं जवस मी शेजारणीच्या कोंबड्यांना टाकून दिलं, आणि टाकल्यावर पुन्हा भीती वाटली की आता तर तेही नाही.

त्या दिवसांत एकदा केदारखेड्याला गेले. भाऊ ओसरीवर बसला होता, वाळलेला, सदऱ्याखाली पिशवीचा उंचवटा. मी त्याला जवसाची सगळी हकीकत सांगितली. वाटलं रागवेल. तो खो खो हसला, हसता हसता पोट धरलं.

"आक्का, तू तर माह्यापेक्षा येडी निघाली. इतकी शिकलेली मास्तरीण, अन् कागद वाचून बी दाणे खाऊन राह्यली?"

"तू हसू नको. तू काय मोठा शहाणा? तुला आधी काहीच कळलं नाही का रे? एकदमच कसं निघालं तुझं?"

तो हसायचा थांबला. उपरण्याने तोंड पुसलं. "कळलं होतं की. साल-सव्वासाल रक्त जात होतं. मला वाटलं मुळव्याध हाय. गावात एकजण चूर्ण देतो, ते घेऊन राह्यलो."

"सव्वा वर्ष! आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू आधी वरडली असती, आक्का. म्या म्हणलं, बरं झाल्यावर सांगू. मंग राहूनच गेलं."

भावजय चहा घेऊन आली म्हणून बरं झालं. मी कपाकडे बघत बसले. मी इतके दिवस तेलाच्या धारेला दोष देत होते. त्याने माझ्या तोंडाला भिऊन दुखणं लपवलं होतं, आणि मी कशाला तरी भिऊन डॉक्टरांशी खोटं बोलले होते. घराण्यात काय काय उतरतं कोण जाणे. परतीच्या एसटीत बसूनच मी डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं की ते दाणे जवसाचे होते, मला माहीत होतं, मी खोटं बोलले. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. या वेळी पाच दिवस पथ्य पाळा."

पाच दिवस मी भात, ताक आणि भीती यांच्यावर काढले. औषधाचं पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

या वेळी वळणापलीकडचं दिसलं. तिथे एक गाठ होती. द्राक्षाएवढी, देठावर बसलेली. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे कापून काढली आणि तपासायला पाठवली. आठवडाभराने अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण त्याच वाटेने जाणारी गाठ होती; ठेवली असती तर काही वर्षांत झाला असता. मागच्या वेळी नेमके तिच्या वाटेतच जवसाचे दाणे बसले होते. ज्याला खाली बसवायला मी ते खात होते, त्यालाच ते झाकून बसले होते.

"पण कशाने झाली?" मी विचारलं. "तेलाने का?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तेलाचा, चरबीचा थोडाफार हात असू शकतो. एका माणसाच्या बाबतीत बोट दाखवता येत नाही. तळलेलं कमी करा, वजन सांभाळा, जवस खायचं तर चमचाभर कुटून खा. आणि तीन वर्षांनी परत या. त्याला पर्याय नाही." मग मुलीकडे वळून म्हणाले, "तुम्हीही चाळिशीला पहिली तपासणी करून घ्या."

ती मान हलवून "हो" म्हणाली. तिचा हात नकळत पोटावर गेलेला मी बघितला. सुटका झाल्याचा आनंद मला जेमतेम त्या दारापर्यंत पुरला.

मग भाऊबीज आली. आदल्या वर्षी केमोमुळे भाऊ आला नव्हता, यंदाही येतो का नाही अशी शंका होती, पण आला, पुतण्याच्या गाडीवरून, अंगावर नवा सदरा. ओवाळलं. पाटावर बसला. भाकरी वाढली, कारळाची चटणी वाढली. किटली मी माळ्यावरून काढलीच नव्हती. वाटीत दोन चमचे तेल घेऊन ठेवलं होतं. त्याने ताटात बघितलं, चटणीत बोटाने आळं केलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"किटली कुठं गेली?"

"माळ्यावर टाकली."

"काढ, आक्का. सणाचं असं चमच्यानं वाढती का कोणी?"

मी स्टूल घेतलं, किटली काढली, घासली, पुसली, वाटीतलं तेल आणि वर तेलाच्या पिशवीतलं थोडं तिच्यात ओतलं. हे सगळं करताना वाटत होतं, आपण चुकतोय, आणि नाही केलं तरी चुकतोय. त्याच्यापुढे वाकले. किटली कलती केली. धार आळ्यात पडली मात्र, आणि लगेच त्याचा हात ताटावर आडवा आला.

पन्नास वर्षांत मला तो हात कधी दिसला नव्हता. त्याने थांबवलं की थांबायची मला सवयच नव्हती. माझं मनगट वळेपर्यंत तेल त्याच्या पालथ्या हातावर पडत राहिलं, बोटांच्या फटीतून भाकरीवर ठिबकलं. मी वर बघितलं. तो हसत नव्हता. वर्षभर पिशवी घेऊन हसत होता, थट्टा करत होता, आणि या घटकेला मला त्याच्या डोळ्यांत लख्ख दिसलं की तो माझ्याइतकाच घाबरलेला आहे, आणि कधीपासून घाबरलेला आहे.

"बस, आक्का," तो म्हणाला, "बस आता."

मग त्याने तो तेलकट हात लहानपणी पुसायचा तसाच डोक्यावर पुसला, केमोनंतर केस विरळच राहिलेल्या डोक्यावर, आणि भाकरीचा तुकडा मोडला.